फॅक्टरीतले ओघळ

कुणी म्हटलं की आमची जुनी स्पोर्ट्स कार एकदम ओरिजिनल कंडिशनला आणलीय, की मी आधी तिचा रंग बघते, आणि रंग फारच भारी असेल तर तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते.

म्हणजे बघा ना, साठच्या दशकातली कुठलीही परवडणारी स्पोर्ट्स कार घ्या. ती फॅक्टरीतून निघाली तेव्हा तिच्या दरवाजांच्या फटी एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला बोटभर असायच्या, डिकीच्या आतल्या कोपऱ्यात रंग पोचलेलाच नसायचा, डॅशबोर्डच्या मागे नुसता फवाऱ्याचा भुरका उडालेला, आणि खाली जिथे गिऱ्हाईक वाकून बघणार नाही तिथे रंगाचे चक्क ओघळ. ही माणसं काही वाईट कारागीर नव्हती हो, शिफ्ट संपायच्या आत ठरलेल्या गाड्या काढायच्या होत्या आणि गाडी चालवायला होती, प्रदर्शनात ठेवायला नव्हती. आज आपण तीच गाडी वर्ष वर्ष घासतो, दहा थर मारतो, फटी इंचाइंचाने मोजून सारख्या करतो आणि वर म्हणतो की ही बघा, जशी होती तशी केली. जशी होती तशी? अहो, इतकी चांगली ती कधीच नव्हती.

मला गाडी जितकी वाईट होती तितकीच वाईट हवी होती. हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकाने आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे बघितलं.

गाडी म्हणजे 1966 ची एमजीबी रोडस्टर. एमजीबी 1962 ला आली आणि 1980 ला इंग्लंडमधली ॲबिंग्डनची फॅक्टरी बंद झाली तोवर बनत राहिली, उघडी रोडस्टर आणि बंद जीटी सगळ्या मिळून पाच लाखांच्या वर, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. ॲबिंग्डनला बॉडी रंग मारूनच यायची, तिथे फक्त जोडणी, आणि गंमत म्हणजे तिथली असेंब्ली लाइन मोटरवर चालणारी नव्हतीच, एका ठिकाणचं काम झालं की माणसं गाडी हाताने ढकलून पुढच्या ठिकाणी न्यायची. पाच लाख गाड्या. हाताने ढकलून. मला ही माहिती कळली त्या दिवसापासून फटींचा राग येणं बंद झालं.

तर दुर्मिळ नसणं हेच एमजीबीचं खरं दुखणं आहे. दुर्मिळ गाडीला लोक घाबरून हात लावतात, एमजीबीला कुणीही उठतं आणि सुधारतं. माझी आली तेव्हा लाल होती, क्रोमची तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग, डॅशबोर्डवर चिकटवलेली लाकडाची पट्टी, इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या दोन एसयू कार्बोरेटरांच्या जागी एकच मोठा वेबर कंपनीचा, वीज बनवणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर, आणि रेडिओसाठी करवतीने मोठं केलेलं भोक. यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने केलेली नाही. प्रत्येक मालकाला गाडी आवडत होती, म्हणूनच तर प्रत्येकाने तिला थोडी आणखी छान केली, आणि असं प्रेम करत करत चाळीस-पन्नास वर्षांत गाडी ओळखू येईना.

या गाड्यांच्या फॅक्टरीच्या नोंदी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत. चासी नंबर दिला की सर्टिफिकेट मिळतं, त्यात गाडी कधी बनली, कधी रवाना झाली, रंग कुठला, इंजिन नंबर काय, आणि जास्तीच्या कुठल्या गोष्टी लावल्या होत्या ते सगळं येतं. माझं आलं आणि मी खूश झाले आणि बाकी सगळे नाराज झाले. रंग पेल प्रिमरोज, म्हणजे फिकट पिवळा, इतका फिकट की ढगाळ दिवशी मळकट पांढरा वाटावा. चाकं तारांची नाहीत, साधी पत्र्याची दाबीव डिस्क व्हील्स. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात असताना इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर, तोही नाही. जास्तीच्या यादीत एकच गोष्ट, हीटर. हो, तेव्हा हीटरसुद्धा वरून पैसे भरून घ्यावा लागायचा. थोडक्यात माझी गाडी त्या काळातलं सगळ्यात साधं मॉडेल होती आणि मी तिला ओरिजिनल करणार म्हणजे लाल, क्रोमच्या, लाकडी गाडीवरून तिला खाली उतरवणार होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर सरळ विचारलं, एवढा खर्च करून गाडी साधी करायची?

करायची.

रंगापासून सुरुवात केली कारण कागदावर नाव असणं वेगळं आणि रंग डोळ्यांनी दिसणं वेगळं. मागच्या दिव्याच्या खाली रबराचं पॅकिंग असतं, ते दिवा निघाल्याशिवाय दिसत नाही आणि घाईतला पेंटर दिवा काढत नाही, त्याच्याभोवती टेप लावून मोकळा होतो. ते पॅकिंग सोललं, कडेला बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवला, हलक्या हाताने, घाई केली तर दोन थर एकदम जातात. आधी वरचा लाल गेला. त्याखाली राखाडी सरफेसर. मग आणखी एक लाल, जरा विटकरी. मग पांढरा, याचा काही पत्ताच नव्हता, गाडी कधीतरी पांढरीही होती म्हणजे. मग परत प्रायमर, आणि मग पिवळा, बोटाच्या नखाएवढा. त्या नखाएवढ्या पिवळ्याकडे मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. पण तोही ऊन खाल्लेला असू शकतो म्हणून खरा नमुना डॅशबोर्डच्या मागून घेतला, तिथे प्रकाश कधी गेलाच नव्हता. आणि तिथेच ते ओघळ होते, भुरका होता, आणि एका कंसाच्या मागे तर रंगच नव्हता, नुसता प्रायमर, फवारा त्या कोनातून पोचलाच नसणार.

डॅशबोर्डच्या मागचा तो सगळा भाग मी तसाच ठेवला. नुसता पुसला. तिथे नवा रंग मारला नाही.

पेंट बनवणाऱ्यांकडे जुन्या कोडवरून फॉर्म्युला मिळतो, तो वापरून बनवलेला पिवळा आणि डॅशबोर्डमागचा पिवळा शेजारी शेजारी ठेवले तर ते एकसारखे नव्हते. यात नवल काही नाही, तेव्हाही घाण्यागणिक फरक पडायचाच. मी डोळ्यांना दिसला तो धरला, कागदावरचा सोडला. आणि दुसरी गोष्ट, क्लिअर कोट नको. आजची पद्धत अशी की रंग मारायचा आणि त्यावर पारदर्शक थर, त्याने रंगाला ओली खोली येते, बघायला सुंदर दिसतं, पण त्या काळच्या साध्या रंगाला ती खोली नव्हती, तो वरच्या वर चमकायचा. क्लिअर नको म्हटल्यावर पेंटर म्हणाला, मॅडम, नंतर मला बोलू नका. नाही बोलले.

आता पत्रा.

ज्यांनी उघडी गाडी कधी कापलेली नाही त्यांना ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही, पण छप्पर नसलेल्या गाडीची सगळी ताकद तळाला असते. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी, आणि दरवाजाखालून जाणारे दोन सिल म्हणजे तिचा कणा. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, मागच्या बाजूला साठतो, तिथून ओल सिलच्या टोकात शिरते आणि सिल आतून खायला सुरुवात होते. बाहेरून सगळं ठणठणीत, वर छान लांबी, म्हणजे पुटी, भरून लाल रंग मारलेला, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो.

अशी गाडी मधोमध जॅकवर घेऊन कुणी ग्राइंडरने सिल कापला तर गाडी मधून खचते आणि मग दरवाजा जन्मात बसत नाही. म्हणून आधी दरवाजाच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी पाइप आडवे तिरके वेल्ड करायचे, गाडीचं वजन चाकांच्या जागीच टेकवायचं आणि एका वेळी एकच बाजू कापायची. पत्र्याचं काम ज्यांनी केलं ते काका हे काम एवढी वर्षं करतायत की त्यांना फट मोजायला गेज लागत नाही, ते दरवाजा लावतात आणि आवाज ऐकतात. मी त्यांना म्हटलं, काका, पूर्ण मडगार्डच नवीन घेऊ या ना, मिळतंय तयार. तर ते म्हणाले, "अगं, नवा पत्रा लावताना सगळेच हुशार असतात. जुना कुठपर्यंत ठेवायचा ते आधी सांग."

मग खडूने रेघ मारायची. रेघेच्या खाली कुजलेलं, वर चांगलं, पण मधे एक पट्टा असा असतो की तिथे पत्रा पातळ झालाय पण भोक नाही, आणि खरा प्रश्न तेवढ्याच पट्ट्याचा असतो. नवा पत्रा लावला तर काम सोपं आणि पक्कं, जुना ठेवला तर पातळ पत्र्यावर वेल्डिंग करताना तो जळतो, परत भरा, परत घासा. काका प्रत्येक वेळी जुन्याच्या बाजूने असायचे, आणि ते हळवे वगैरे अजिबात नाहीत बरं का. त्यांचं म्हणणं, तेव्हाचा पत्रा मूळ साच्यातून निघालाय आणि त्याच्या शेजारच्या पत्र्याशी इतकी वर्षं नांदलाय, नवा आणलास की त्याला त्याच्याशी, त्याला पलीकडच्याशी जुळवत बसावं लागेल. मडगार्डचा वरचा भाग जुनाच राहिला. खालचा वीतभर नवा. सांध्यावर त्यांनी लांबी न भरता कथील-शिशाचा मुलामा केला, गॅसच्या मंद ज्योतीवर मऊ करायचा आणि लाकडी पट्टीने पसरवायचा, वितळून खाली ओघळायच्या बरोब्बर आधी हात काढायचा. मास्क लावून, कारण शिसं ते शिसंच. मी एकदा करून बघितलं आणि पट्टी परत देऊन टाकली.

याच काळात सगळ्यात मोठा मोह समोर होता. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून एमजीबीची आख्खी नवी बॉडी विकायला काढली, मूळ साचे आणि हत्यारं शोधून, जमवून, त्यांच्यावरच ठोकलेली. म्हणजे नक्कल म्हणावी तर तेच साचे, अस्सल म्हणावी तर वीस-पंचवीस वर्षं उशिरा. जुन्या गाडीचं इंजिन, ॲक्सल, सीट काढून तिच्यात बसवायचे, की झाली गंजमुक्त गाडी. हजारो एमजीबी आज रस्त्यावर आहेत त्या यामुळेच आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मग माझ्या गाडीचा नंबर ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा भंगारात आणि नंबर नव्या पत्र्यावर. गाडी कुठे गेली मग?

हा प्रश्न चहाटळ गप्पांचा वाटतो पण यावर कोर्टकचेरी झालेली आहे. बेंटलीची ओल्ड नंबर वन नावाची रेसिंग कार, स्पीड सिक्स मॉडेलची, 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. पुढे तिची बॉडी बदलली, चासी बदलली, इंजिन बदललं, शर्यतीच्या गाडीचं होतं तेच. 1990 मध्ये तिच्या विक्रीवरून लंडनच्या हायकोर्टात खटला उभा राहिला, घेणाऱ्याचं म्हणणं की ही ती गाडीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ल मां जिंकली त्या दिवशीचे भाग तिच्यात फारसे उरलेले नाहीत हे खरं, पण गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, ती एकाएकी मोडून दुसरीच गाडी उभी केली असं कधी झालं नाही, तेव्हा ही ओल्ड नंबर वनच. मला हा निकाल फार आवडतो. आणि अडचणीचाही वाटतो, कारण त्या हिशेबाने माझ्या गाडीवरचा लाल रंग आणि लाकडी पट्टीसुद्धा तिच्या न तुटलेल्या इतिहासाचाच भाग, आणि तो मी पॉलिश पेपरने घासून काढत होते.

याचं उत्तर मला पूर्ण सापडलेलं नाही. एवढंच ठरवलं की आधीच्यांनी काढलेलं परत आणायचं, पण जे वापराने झिजलंय त्याला झीज म्हणून राहू द्यायचं. हा नियम कागदावर छान दिसतो. गाडीवर दर दोन तासांनी मोडतो.

कार्बोरेटरची गोष्ट त्या मानाने सुखाची. इंजिन 1798 सीसी, नवं असताना 95 हॉर्सपॉवर, आणि त्याला दोन एसयू एचएस4. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, हे स्किनर बंधू मूळ बुटांच्या धंद्यातल्या घराण्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये हवेचा भाता चक्क चामड्याचा होता, घरात चामडं होतं ना. पुढे त्या भात्याच्या जागी पिस्टन आला. तत्त्व तेच राहिलं, इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याला लटकवलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि तितकंच पेट्रोल सुटतं. एवढंच यंत्र. वेबर लावला की वरच्या आरपीएमला जोर वाटतो हे खरं आहे, पण एसयू सिग्नलपासून निघताना जी मऊ उचल देतो ती मला हवी होती, आणि मुळात तो गाडीचा होता.

जुने मिळालेले एसयू बाहेरून घाण आणि आतून ठीक होते, फक्त थ्रॉटलचा दांडा ज्या भोकातून जातो ती भोकं झिजून अंडाकृती झालेली. तिथून हवा चोरून आत शिरते आणि मग आयडलिंग कधी वर कधी खाली, माणूस मिक्श्चरचा स्क्रू पिळत बसतो आणि दोष तिथे नसतोच. नवे बुश बसवले, दांडे बदलले. पिस्टन आणि त्याची टोपी ही जोडी असते, याची त्याला लावायची नाही, आणि आतला पृष्ठभाग चकचकीत करायच्या भानगडीत पडायचं नाही, त्या फटीवरच सगळा खेळ आहे. मग दोन्ही एकसारखे करायचे. आजकाल त्याला मीटर मिळतो, पण जुन्या पद्धतीने रबराची बारीक नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी, आणि आत जाणाऱ्या हवेचा सूंऽऽ आवाज ऐकायचा. एक जरा भरदार, दुसरा बारीक. स्क्रू केसभर फिरवायचा, परत ऐकायचं. मग पिस्टन खालच्या पिनने किंचित उचलायचा, इंजिन जोरात पळायला लागलं आणि तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त, मरायला टेकलं तर कमी, क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. तो क्षणभर कानाला कळायला वेळ लागतो. पण एकदा कळला की विसरत नाही.

वायरिंगमध्ये मात्र रडायची पाळी आली होती. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरिंगची बदनामी खूप आहे, इंग्रजीत त्यांना अंधाराचा राजपुत्र म्हणून चिडवतात, पण मी उलट त्यांची बाजू घेईन. त्यांचा रंगांचा नियम इतका साधा आहे की एकदा पाठ झाला की आकृती लागत नाही. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरा म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवा म्हणजे तोच पण फ्यूजनंतर, जांभळा फ्यूजमधून कायम चालू, लाल छोटे दिवे, निळा हेडलाइट, काळा अर्थिंग. बिघडवलं ते नंतरच्यांनी. माझ्या गाडीत एके ठिकाणी हिरव्या वायरीला पिवळी जोडलेली, पिवळीला लाल, आणि तिन्ही सांध्यांना कापडी टेप. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बाहेर काढला आणि नवा टाकला, इथे जुनं जपायचा हट्ट केला नाही, आग लागली तर काही जपलं जात नाही. त्यातच गाडीची उलटी बॅटरी परत आणली. 1967 पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॉडीला प्लस. आरपीएम दाखवणारा टॅकोमीटरही त्याच उलट्या दिशेचा, डायनॅमोही. कुणी मदतीला आलं की आधी ओरडून सांगावं लागतं.

आणि पेट्रोल पंप. एसयूचाच, विजेवर चालणारा, मागे पत्र्याला लावलेला. चावी फिरवली की टकटकटकटक करत कार्बोरेटर भरतो, भरले की हळू होत थांबतो. कधी कधी आतले पॉइंट चिकटतात आणि तो गप्प बसतो, तेव्हा लाकडाच्या दांड्याने एक द्यायची. चालू होतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक करता येतो, बाहेरून कळतही नाही. मी नाही केला. दांडा डिकीत आहे.

आता कुणी म्हणेल एवढं असेल तर ब्रेकला ॲस्बेस्टॉसही लावा. नाही लावणार. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, गास्केट, त्या काळी सगळ्यात ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. तसंच पेट्रोलचं. बीडाचं सिलिंडर हेड शिसेयुक्त पेट्रोल धरून बनवलेलं, ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, बारीक थर धरून तिला वाचवायचं. ते पेट्रोल गेलं, अल्जेरियाने 2021 मध्ये बंद केलं तेव्हा जगात कुठेच पंपावर उरलं नाही. म्हणून हेडमध्ये कडक सीट बसवून घेतल्या, इथेनॉल चावणार नाही असे होज घातले. हे बाहेरून दिसत नाही पण दिसत नाही म्हणून मी केलं असं नाही, दिसलं असतं तरी केलं असतं. अडले ते ब्रेकच्या सिंगल सर्किटवर. एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक गेले, अशी ती रचना. ड्युअल करता येतं. शेवटी सर्किट सिंगलच ठेवलं, पण पाइप सगळे तांबं-निकेलचे नवे, जे गंजत नाहीत, आणि ते मी ठरवून दर वर्षी बघते. यावर कुणी मला मूर्ख म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही.

या छंदात दुसरं टोकही आहे, काहीच करू नका म्हणणारं. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी बरीच दशकं पडलेली एक बुगाटी 2009 मध्ये वर काढली, एक बाजू जवळजवळ खाऊन गेलेली. 2010 मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती गेली कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात, जशी वर आली तशीच. कुणी तिला उभी करायचा प्रयत्न केला नाही आणि मला वाटतं बरंच केलं. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, ट्यूरिन चार्टर नावाची एक सनद केली आहे, जुन्या इमारतींसाठी 1964 ला व्हेनिस चार्टर झाली तिच्या धर्तीवर. तिचा सूर असा की जपणूक आधी, रिस्टोरेशन नंतर, आणि जे काही नवं घालाल ते नोंदवून ठेवा. नोंद ठेवायची गोष्ट मी मनापासून पाळली. कुठला पत्रा नवा, कुठला बोल्ट जुना, सगळ्याचे फोटो आणि वही. पुढच्या मालकाला शिव्या द्यायच्याच असतील तर निदान पत्ता बरोबर असावा.

सीटच्या बाबतीत हा सूर कामी आला. ड्रायव्हरची सीट मूळ चामड्याची, काळी, कडेची शिवण उसवलेली, बसायच्या जागी भेगा. शेजारच्या सीटवर कुणीतरी रेक्झिन चढवलेलं. सरळ विचार म्हणजे दोन्ही नव्याने शिवायच्या, एकसारख्या. मी ड्रायव्हरची सीट आतून फोम बदलून, मागून कापड लावून, भेगांसकट ठेवली आणि शेजारची नवीन चामड्याने शिवून घेतली. आता दोन्ही शेजारी शेजारी विजोड दिसतात, नव्या सुनेच्या बाजूला आजेसासू बसावी तशा. गाडी बघायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो की ही एक राहिली का करायची.

मोठ्या स्पर्धांतून तर आता वेगळीच फॅशन आहे, फॅक्टरीतल्या इन्स्पेक्टरच्या खडूच्या खुणा परत काढायच्या, मुद्दाम ओघळ सोडायचे, भुरका मारायचा, जुने फोटो बघून. अभ्यास अफाट असतो त्यामागे, मी टोपी काढते. पण ढिसाळपणा मन लावून करणं हे मला जमणार नाही. तेव्हाच्या माणसाच्या हातून घाईत ओघळ आला, माझा मी एक दुपार घालवून आणणार, तो ओघळ कसला? जिथे खरे शिल्लक होते तिथे ठेवले, बाकी ठिकाणी पेंटरला सांगितलं की तुमच्या हाताने जसा येईल तसा साधा मारा, दहा वेळा घासू नका. त्याला ते दहा वेळा घासण्यापेक्षा अवघड गेलं.

गाडी चालते आता. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नाही, तो त्या गाड्यांना 1967 च्या शेवटी मिळाला, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की गिअरबॉक्स दात ओठ खातो, पूर्ण थांबायचं आणि मग टाकायचा, नाहीतर डबल क्लच मारायला शिकायचं. पाच गिअरचा बॉक्स लावून देतो असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय, अगदी आपुलकीने.

राहिलंय फक्त हूड, म्हणजे कापडी छप्पर. गाडीवर आत्ता आहे ते फोल्डिंग, हाताने मागे लोटलं की झालं, उत्तम चालू, एकही काच फुटलेली नाही. पण ते त्या काळी जास्तीचे पैसे भरून मिळायचं आणि माझ्या सर्टिफिकेटवर ते नाही, म्हणजे गाडीला आलेलं असणार पॅकअवे, ज्याच्या नळ्या वेगळ्या, कापड वेगळं, सगळं सुटं करून डिकीत ठेवायचं आणि पाऊस आला की गाडी कडेला घेऊन भिजत भिजत जोडायचं. त्याची फ्रेम कुठेच मिळत नाहीये. कुणाकडे माळ्यावर, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असेल, वाकलेली असली तरी चालेल, तर बदल्यात माझं चांगलं चालू फोल्डिंग हूड घेऊन जा.